वाचताना कुठे अडलं? एकत्र वाचनाच्या सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ओघात मी लिहून गेले होते की आमच्या वर्गातली मुलं धडा वर्गात यायच्या आधी एकत्र वाचतात. एकत्र म्हणजे एका खोलीत बसून नव्हे. प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या वेळी वाचतो. पण सगळ्यांपुढे मजकुराची एकच प्रत असते आणि तिच्या समासात कुणी काय लिहिलं ते सगळ्यांना दिसतं. त्या दोन ओळींवर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं वर्गासाठी ही साधनं वापरते आहे. उत्तरं त्या अनुभवातून आली आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवतो. ‘प्रकरण वाचून या’ असं दरवेळी सांगतो, चाळीसातले चार-पाच वाचून येतात. सगळ्यांनी एकाच मजकुरावर कमेंट लिहायच्या असं सॉफ्टवेअर असतं म्हणतात. त्याने नेमकं काय होतं? वाचायला लावण्याची ती एक नवी सक्तीच नव्हे का?
(एक प्राध्यापक)

सक्ती त्यात आहे, हे मान्य करते. समासात तुमचं एकही अक्षर नसेल तर तुम्ही वाचलेलं नाही हे सगळ्यांना कळतं. पण तेवढ्यासाठीच हे आणायचं असेल तर आणू नका. त्यासाठी तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटांची चाचणी पुरते.

होतं काय, ते सांगते. तुम्ही प्रकरणाची पीडीएफ किंवा एखाद्या वेबपानाची लिंक टाकता. विद्यार्थी लॉगिन करतो, वाचता वाचता एखादं वाक्य किंवा आकृतीचा तुकडा निवडतो, बाजूला चौकट उघडते, तिच्यात तो लिहितो. तेवढा तुकडा रंगीत होतो. मागून वाचणारा त्या जागी पोचला की त्याला रंग दिसतो, कमेंट दिसते आणि तिथल्या तिथे उत्तर देता येतं. इतकंच. हेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर करून पाहा. ‘पान ४७ वर तिसऱ्या परिच्छेदात शेवटून दुसरं वाक्य’ हे सांगण्यातच अर्धी शक्ती जाते आणि दोन दिवसांत ती चर्चा इतर निरोपांखाली गाडली जाते. इथे प्रश्न वाक्याला चिकटून राहतो. माझ्या दृष्टीने या साधनांची सगळी किंमत या चिकटून राहण्यात आहे. बाकीच्या सोयी असल्या तर असल्या.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. न्यूटनच्या पहिल्या नियमाचं वाक्य तुम्हीही शाळेत पाठ केलं असेल : वस्तूवर बाहेरून कोणतंही निव्वळ बल काम करत नसेल तर ती स्थिर असल्यास स्थिर राहते आणि गतिमान असल्यास सरळ रेषेत एकसमान गतीने जात राहते. हे वाक्य मी कित्येक वर्षं शिकवलं. ‘समजलं?’ विचारलं की वर्ग माना हलवतो. त्यावर प्रश्न म्हणून कधी आला नव्हता. पहिल्यांदा ते प्रकरण समासासह वाचायला दिलं, तेव्हा एका मुलीने रात्री साडेनऊला त्या वाक्यातले फक्त ‘एकसमान गतीने जात राहते’ एवढे शब्द निवडले आणि लिहिलं, ‘बल नसेल तर गती संपायला नको का? पेडल मारणं थांबवलं की सायकल थांबते.’

अर्ध्या तासाने एकाने उत्तर दिलं, ‘सायकल थांबते ती घर्षणामुळे. घर्षण हेसुद्धा बलच.’ तिसरा म्हणाला, ‘म्हणजे घर्षण नसलं तर पेडल न मारता सायकल कायम चालत राहील? मला हे पटत नाही.’ मग एका अबोल मुलाने, ज्याचा आवाज मी तोवर हजेरीपुरताच ऐकला होता, लिहिलं, ‘म्हणजे हे वाक्य अशा जागेबद्दल आहे जी आपण कधी पाहिलेलीच नाही.’ पहिल्या प्रश्नाखाली अकरा जणांनी ‘मलाही हाच प्रश्न आहे’ अशी खूण केली होती.

सकाळी हे वाचलं आणि त्या दिवसाचा माझा पाठ बाजूला ठेवला. फळ्यावर सायकल काढली आणि तासाची सुरुवात त्या अबोल मुलाच्या वाक्याने केली. अकरा मुलं एकाच जागी अडली आहेत, हे मला तास संपल्यावर किंवा परीक्षेच्या पेपरात नव्हे, तास सुरू होण्याआधी कळलं होतं. आमच्याकडे आता याला ‘अडलेली जागा’ म्हणतात. मुलंही तोच शब्द वापरतात.

ही अडचण माझ्या वर्गापुरती नाही. १९८५ साली इब्राहिम हालून आणि डेव्हिड हेस्टेनिस या भौतिकशास्त्राच्या अध्यापनाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की यांत्रिकीचा अख्खा अभ्यासक्रम शिकून झाला तरी विद्यार्थ्यांच्या मनातल्या गतीविषयीच्या रोजच्या समजुती फारशा हलत नाहीत. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी ते वाचलं आणि तसेच साधे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी या गोष्टींचा मनात विचार करते तशी. पुढे त्यांनी वर्गात मुलांनाच एकमेकांना समजावून सांगायला लावण्याची पद्धत रुजवली. त्यासाठी मुलांनी वाचून येणं भाग होतं, आणि त्या गरजेतून त्यांच्या गटाने पेरुझल हे सॉफ्टवेअर तयार केलं. त्यात शिक्षकाला ‘गोंधळाचा अहवाल’ मिळतो, म्हणजे कोणत्या मुद्द्यांवर सर्वाधिक मुलं अडली ते एकत्र करून दाखवतात. मोठ्या वर्गाचे वीस-वीसच्या आसपास गट पाडायची सोयही आहे. ती वापराच, कारण दीडशे जणांचा एक समास कुणीच वाचू शकत नाही. मेझर यांच्या या गटाने २०१८ मध्ये पेरुझलविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक विद्यार्थी नेमून दिलेलं वाचन पूर्ण करत होते आणि वर्गातल्या परीक्षांतही त्यांची कामगिरी चांगली होती असं दिसलं. लेख साधन बनवणाऱ्यांनीच लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. माझ्या वर्गातही वाचून येणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं, पण मी त्याचं मोजमाप केलेलं नाही.

तुमच्या विषयात ‘इतर सर्व घटक स्थिर राहिल्यास’ हे शब्द वारंवार येतात. ते किती जणांना खरोखर कळतात, हे पहिल्याच आठवड्यात समासात दिसेल. एकाच प्रकरणापासून सुरुवात करा. मुदत तासाच्या आदल्या रात्रीची ठेवा आणि सकाळचा अर्धा तास समास वाचण्यासाठी राखून ठेवा. तो अर्धा तास नसेल तर हे सुरूच करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मुलांनी लिहिलेलं शिक्षक वाचत नाहीत हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात कळतं आणि मग त्या समासात जीव राहत नाही. आणखी एक, रात्री स्वतः उत्तरं देत बसू नका. सुरुवातीला मी प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर देत असे आणि प्रत्येक चर्चा माझ्या उत्तरापाशी संपत असे. सायकलच्या प्रश्नाला मी पावणेदहाला उत्तर दिलं असतं, तर त्या मुलाचं वाक्य आलंच नसतं.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात हे सॉफ्टवेअर आलं आहे. मुलं ‘छान’, ‘सहमत’, ‘महत्त्वाचा मुद्दा’ असं लिहून मोकळी होतात. सॉफ्टवेअर स्वतःच गुण देतं, तेही पटत नाही. गुण द्यावेत का, आणि कसे?
(एक शिक्षिका)

हा खड्डा मी स्वतः खणलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या सत्रात मी नियम केला होता की प्रत्येक प्रकरणाला किमान सात कमेंट, मुदत रविवारी रात्री बारा. सोमवारी सकाळी उघडलं तेव्हा पहिली दोन पानं पिवळीधमक झालेली होती आणि नववं पान पांढरं. वेळा पाहिल्या तर बहुतेक कमेंट रात्री साडेअकरानंतरच्या. सात आकडा पहिल्या दोन पानांत भरत होता, म्हणून पुढे कुणी गेलंच नव्हतं. मी मात्र समजले की नवव्या पानावर कुणाला काही अडलं नाही, आणि ते पान वर्गात भरभर घेतलं. प्रकरणातलं सगळ्यात अवघड पान तेच होतं. चाचणीत ते दिसलं. त्या चुकीचा भार मुलांनी सोसला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मी तीनच मागते. एक अडलेली जागा, म्हणजे नेमका शब्द किंवा वाक्य निवडून ‘इथपर्यंत समजलं, इथून पुढे नाही’ असं लिहायचं. एक उत्तर दुसऱ्या कुणाच्या अडलेल्या जागेला. तिसरी कमेंट मनाला येईल ती. या तिन्हींतली एक तरी प्रकरणाच्या उत्तरार्धात हवी. गुण म्हणाल तर केलं किंवा नाही केलं एवढेच, आणि एकूण गुणांत त्यांचा वाटा अगदी छोटा. बरोबर उत्तराला जास्त गुण मी देत नाही. ज्या दिवशी बरोबर असण्याला गुण मिळतील त्या दिवशी ‘मला कळलं नाही’ असं कुणी लिहिणार नाही, आणि मला तर तेच हवं असतं.

सॉफ्टवेअरने दिलेल्या गुणांबद्दल तुमची शंका रास्त आहे. पेरुझलसारखं साधन कमेंटचा दर्जा, मजकुरात घालवलेला वेळ, इतरांना दिलेली उत्तरं अशा गोष्टी पाहून गुण काढतं. कशाला किती वजन द्यायचं ते शिक्षक ठरवू शकतात आणि गुण बदलूही शकतात. माझा अनुभव असा की रिकाम्या कमेंट ओळखायला यंत्राची मदत होते. पण अर्धवट, अडखळत विचारलेला आणि तरीही वर्गाला उपयोगी पडणारा प्रश्न त्याच्या हातून निसटतो. ‘सायकल थांबते’ या कमेंटमध्ये भौतिकशास्त्राचा एकही भारी शब्द नव्हता. म्हणून अंतिम नजर माझीच ठेवते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कमेंटही आता येतात. त्या बहुधा परिच्छेदाचा गोळीबंद सारांश असतात आणि कोणत्याही एका शब्दावर बोट ठेवत नाहीत. मी त्यांचा शोध घेत बसत नाही. तासाला दोन-तीन जणांना त्यांच्याच कमेंटवर मिनिटभर बोलायला सांगते. ज्याने स्वतः अडून लिहिलेलं असतं तो बोलतो. ज्याने लिहिलेलं नसतं तो पुढच्या वेळी लिहितो.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. आमच्या वर्गात असं वाचन सुरू झालंय. मला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, पण सगळ्यांसमोर तसं लिहायची लाज वाटते. हुशार मुलं आधीच सगळं लिहून ठेवतात. मी काय लिहू?
(एक विद्यार्थिनी)

तू मला जे लिहिलंस तेच किती नेमकं आहे बघ. आधी तुझ्या शिक्षकांना विचार की वर्गमित्रांना नाव दिसणार नाही अशी सोय सुरू करता येते का. काही साधनांत ती असते. कमेंट वर्गाला निनावी दिसते, शिक्षकांना मात्र कुणी लिहिली ते कळतं. तशी सोय नसेल तर फक्त शिक्षकांना दिसेल अशी टीप पाठवता येते का ते पाहा.

आणि ‘मला काहीच कळलं नाही’ असं लिहू नकोस, कारण ते खरंही नसतं. वाचत जा आणि ज्या शब्दापाशी डोळा मागे फिरतो, ज्या वाक्यापाशी पुन्हा सुरुवातीला जावंसं वाटतं, तोच शब्द निवड. ‘या वाक्यात “म्हणून” का आलंय? आधीच्या वाक्याने हे कसं सिद्ध झालं?’ इतकं लिहिलंस तरी पुष्कळ. माझ्या वर्गात असे प्रश्न विचारणाऱ्या मुलांनी इतरांसाठी दारं उघडली आहेत. हुशार म्हणून तू ज्यांच्याकडे पाहतेस त्यांच्यापैकी निदान एक जण तुझ्या प्रश्नाखाली ‘मलाही’ अशी खूण करील. पहिल्यांदा अशी कमेंट केलीस की मला नक्की कळव.

प्रश्न : मी गंभीरपणे वाचणारा माणूस आहे. नोकरी सांभाळून पदव्युत्तर अभ्यासक्रम करतो. इतरांच्या रंगीत खुणा आणि कमेंट डोळ्यांसमोर आल्या की माझं वाचन माझं राहत नाही. कुणीतरी अधोरेखित केलेलंच महत्त्वाचं वाटू लागतं. हा माझाच दोष आहे का?
(एक विद्यार्थी)

मुळीच नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि पुष्कळ शिक्षक ते मानत नाहीत, म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं. खूण ही शिफारस असते. संशोधक कॅथी मार्शल यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या जुन्या, वापरलेल्या पाठ्यपुस्तकांतल्या खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुकानात तेच पुस्तक अनेक हातांतून आलेलं असताना काही विद्यार्थी प्रती उघडून आधीच्या मालकाने केलेल्या खुणा पाहत आणि त्यावरून प्रत निवडत. म्हणजे अनोळखी माणसाच्या खुणेवर भरवसा ठेवायची ओढ स्क्रीनच्या आधीपासूनची आहे.

उपाय सोपा आहे. पहिलं वाचन कोरं करा. बहुतेक साधनांत खुणा लपवायचं बटण असतं. हायपोथिसिस या वेबपानांवर टिपा लिहायच्या साधनात डोळ्याचं चिन्ह दाबलं की सगळ्यांच्या खुणा दिसेनाशा होतात. नसेलच बटण तर पीडीएफ उतरवून घेऊन वेगळी वाचा. आपल्या अडलेल्या जागा कागदावर लिहा आणि मगच समास उघडा. आपण जिथे अडलो तिथे इतर कुणी थांबलेलंच नाही, किंवा आपण सहज ओलांडलेल्या वाक्यावर नऊ जण खोळंबले आहेत, ही तुलना कोऱ्या वाचनाशिवाय हाती लागत नाही. मी आता वर्गाला हेच सांगते आणि पहिल्या दिवशी समास बंदच ठेवते.

नुसत्या रंगवण्याबद्दलही सांगते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या, त्यांत अधोरेखन ही कमी उपयोगाची पद्धत ठरली. त्यामुळे दुसऱ्याच्या नुसत्या पिवळ्या पट्ट्याला मान देण्याचं कारण नाही. त्याखाली प्रश्न लिहिला असेल तर थांबा, नाहीतर पुढे जा.

प्रश्न : मराठीतला मजकूर पीडीएफ करून टाकला, पण विद्यार्थ्यांना वाक्य निवडताच येत नाही. काही पीडीएफमध्ये निवडता येतं पण कमेंटमध्ये भलतीच अक्षरं उमटतात. इंग्रजीत हे होत नाही. काय करावं?
(एक मराठीच्या प्राध्यापिका)

तुमच्या प्रश्नाची मी वाटच पाहत होते, कारण मराठीत ही साधनं सगळ्यात जास्त इथेच अडतात आणि मग ‘आपल्या भाषेत हे चालत नाही’ असा गैरसमज पसरतो. चालतं. फक्त फाइल नीट हवी.

एक चाचणी करा. पीडीएफमधलं एक वाक्य निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडलं गेलं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत, तिच्यात अक्षरं नाहीत. निवडलं गेलं पण चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, त्यावर चित्र फक्त देवनागरीचं चढवलेलं असतं. तिसरा प्रकार असा की अक्षरं मराठीच येतात पण मात्रा आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. तो दोष पीडीएफ तयार होताना शिरतो.

पहिल्या प्रकाराला ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, हा उपाय. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं आणि गूगल ड्राइव्हमध्ये पानाचा फोटो गूगल डॉक्स म्हणून उघडला तरी मजकूर मिळतो. दुसऱ्या प्रकाराला फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर लागतो, त्यासाठी टाइप केलेली मूळ फाइल मिळाली तर काम निम्मं होतं. तिसऱ्याला मूळ फाइलवरून नव्याने पीडीएफ करणं किंवा सरळ वेबपान करणं बरं. काहीही केलं तरी एकदा डोळ्यांनी तपासा. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं इथे चुका हटकून सापडतात.

एक बारीक गोष्ट, जिने माझा एक अख्खा रविवार घेतला. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मुलांनी मजकुरात ‘दुसऱ्या’ शोधला आणि तो डोळ्यांसमोर असूनही सापडला नाही, तर कारण बहुधा हे असतं. सगळा मजकूर एकाच पद्धतीचा करून घ्या.

आणि अंतिम फाइल ठरल्याशिवाय वर्गाला देऊ नका. कमेंट पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे एवढंच साधन लक्षात ठेवत नाही. निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागची-पुढची काही अक्षरं तेही लक्षात ठेवतं आणि पान उघडलं की तो तुकडा शोधून कमेंट तिथे बसवतं. वेबवरच्या टिपांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये प्रमाण ठरवलं, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. तुम्ही मध्येच शुद्धलेखन दुरुस्त करून नवी फाइल चढवलीत तर जुने शब्द सापडत नाहीत आणि कमेंट बेवारस होतात. विशेषतः ऱ बदलल्यावर.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याच्यासाठी असं एकत्र वाचनाचं ॲप घ्यावं का?
(एक पालक)

चौथीला मी घेणार नाही. त्या वयात टाइप करण्यातच दम जातो आणि फोनच्या छोट्या पडद्यावर मजकूर आणि समास एकदम दिसतही नाहीत. तुम्हाला हवा तो लाभ तोंडी मिळतो. ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. शिक्षक आणि मुलं परिच्छेद एकत्र वाचतात आणि पाळीपाळीने चार कामं करतात : थोडक्यात सांगणं, प्रश्न विचारणं, न कळलेलं उलगडणं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. ज्यांना अक्षर वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता अशा सातवीतल्या मुलांबरोबर त्यांनी ते काम केलं होतं. तुम्ही दोघं किंवा घरातली दोन-तीन मुलं मिळून हे करा. तुमच्या पाळीला तुम्हीही खरंखुरं अडलेलं सांगा, नाटक करू नका. मुलांना ते लगेच कळतं.

शाळेनेच ॲप सुरू केलं असेल तर दोन गोष्टी विचारा : गट बंद आहे का, म्हणजे बाहेरचं कुणी मुलांचं लिखाण पाहू शकतं का, आणि खात्याला मुलाचं खरं नाव लागतं का.

प्रश्न : आम्ही पाच मित्र वेगवेगळ्या शहरांत राहतो. तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ एकत्र वाचायचा आहे. आमच्यात शिक्षक कुणी नाही. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि शिक्षकाशिवाय हे टिकेल का?
(एक वाचक)

ग्रंथ मुक्त परवान्याखाली किंवा स्वामित्वहक्काची मुदत संपून वेबवर उपलब्ध असेल तर हायपोथिसिस घ्या. ते कोणत्याही वेबपानावर चालतं, खासगी गट करता येतो आणि टीप लिहिताना ती गटाला दाखवायची की फक्त स्वतःपुरती ठेवायची हे प्रत्येक वेळी ठरवता येतं. स्वामित्वहक्क लागू असेल तर स्कॅन करून चढवू नका. पाचही जणांनी आपापली प्रत घ्यावी आणि प्रकरणानुसार एक सामाईक दस्तऐवज ठेवावा, त्यात पानाचा क्रमांक आणि वाक्याचे पहिले चार शब्द लिहून खाली चर्चा करावी. थोडं अवजड आहे, पण चालतं. टिपा मधूनमधून उतरवून आपल्याकडेही ठेवा. १९९३ साली मोझॅक या सुरुवातीच्या वेब-ब्राउझरमध्ये वेबपानांवर गटाने मिळून टिपा लिहायची सोय करून पाहिली गेली होती, ती टिकली नाही. साधनं येतात आणि जातात, तुमची चर्चा त्यांच्याबरोबर जायला नको.

टिकण्याबद्दल. शिक्षक नसल्यामुळे अडत नाही. एमआयटीत एनबी नावाचं असंच साधन घडवलं गेलं आणि तिथल्या एका अभ्यासक्रमात नव्वदेक विद्यार्थ्यांनी एका सत्रात १४ हजारांहून अधिक टिपा लिहिल्या. एवढ्या टिपांना एक शिक्षक कुठून पुरणार? तुम्ही पाचच आहात, म्हणून भीती वेगळी आहे. पाचांत एक जण जास्त वाचलेला निघतो, तो दुसऱ्या आठवड्यापासून समजावून सांगू लागतो आणि उरलेले चौघे श्रोते होतात.

त्यासाठी एक रीत सांगते, माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी ती पाळली आणि त्यांचं वाचन दोन वर्षं चाललं. आठवड्याला दहाच पानं. बुधवारपर्यंत प्रत्येकाने आपली एक अडलेली जागा टाकायची. पाचही जागा पडल्याशिवाय कुणीही, अगदी उत्तर माहीत असलं तरी, उत्तर लिहायचं नाही. गुरुवारपासून उत्तरं, पण स्वतःच्या जागेला कुणी उत्तर द्यायचं नाही. रविवारी अर्धा तास फोनवर बोलायचं आणि सुरुवात अशा जागेने करायची जिला कुणीच उत्तर दिलेलं नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात कुणीतरी गप्प होईल. त्याला ‘का लिहीत नाहीस’ असं विचारू नका. त्याच्या मागच्या एखाद्या प्रश्नाखाली जाऊन नवं काही सुचलं असेल तर ते लिहा, म्हणजे त्याला त्याच पानावर परत यावं लागेल.